पेल्याच्या आतली बोटं

यिनचू दुपारचं जेवण घेऊन भट्टीकडे निघाली होती. एका हातात रताळ्याच्या पेजेचं मडकं, दुसऱ्या हातात लेकीचं बोट. हिवाळा सरत आला की देहुआच्या डोंगरात धुकं असं उतरतं, की पुढे चालणाऱ्याची पाठ दिसते आणि पाय दिसत नाहीत. चीनच्या बादशहाचं राज्य नुकतंच बुडालं होतं, त्याच्या हुकमाने राखलेल्या वेण्या गावातल्या पुरुषांनी कुरकुरत कापल्या होत्या. बाकी काही बदललं नव्हतं. चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्ट्या तशाच डोंगराच्या उतारावर वर वर चढत गेलेल्या, आणि खाली ओढ्यावर पाण्याने चालणारी लाकडी मुसळं भांड्यांच्या मातीसाठी पांढरा दगड कुटत होती. धप्प... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा धप्प. इथली तान्ही पोरं त्या आवाजावर झोपायची, आणि मुसळ थांबलं तर दचकून जागी व्हायची.

आसुईची बडबड मात्र त्या आवाजालाही पुरून उरे. सात वर्षांची पोर. चढ चढताना मोठ्यांना धाप लागायची, हिच्या तोंडाला नाही.

भट्टीपाशी पोचल्यावर यिनचूला दिसलं की आज कुणी काम करत नाहीये. तिचा नवरा तिंगह्वाय आणि सासरा, दोघं उकिडवे बसले होते. मध्ये पालथ्या टोपलीवर काहीतरी पांढरं ठेवलेलं.

"ये, बघ काय सापडलंय," तिंगह्वाय म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू यिनचूने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

तो एक पेला होता. भट्टीला आणखी एक खण जोडायचा म्हणून तिंगह्वाय जुन्या खापऱ्यांचा ढिगारा खणत होता. पिढ्यान्‌पिढ्यांची फुटकी, वाकडी, फसलेली भांडी तिथे पडलेली. त्या सगळ्या चुऱ्यात हा एकटा धड निघाला होता. गेंड्याच्या शिंगासारखा घाट, वर रुंद, खाली निमुळता. अंगावर साच्यातून उठवलेली नक्षी: हिवाळ्यात फुलणाऱ्या प्लमची फांदी पेल्याला वेढा घालून गेलेली, खाली एक हरीण मान वळवून मागे बघतंय. आणि पांढरा रंग आजच्या भांड्यांचा नव्हता. साय धरलेल्या दुधासारखा होता. उजेडासमोर धरला की आतून किंचित गुलाबी वाटे, कानाची पाळी उजेडात दिसते तसा.

सासऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण त्याचं डोळ्यांवाचून अडत नसे. तो बोटांनीच बघायचा. त्याने पेला हातात घेऊन सावकाश फिरवला.

"हा रंग माझ्या आजालाही साधला नव्हता," तो म्हणाला. "त्याच्या आजाला साधला असेल तर असेल." मग त्याने आत बोट घातलं आणि थबकला. "साच्यात माती दाबणारं पोर होतं बरं का. मोठ्याचा हात तळापर्यंत जात नाही. बघ, दाबल्याच्या खुणा तशाच राहिल्यात. चार बोटं इकडच्या अंगाला, अंगठा समोरच्या."

"मला बघू," आसुई म्हणाली. आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने उजवा हात आत घातला.

तो बसला. अंगठा, पहिलं बोट, मधलं, करंगळी, सगळं आपापल्या खळग्यात जाऊन टेकलं. नुसतं करंगळीशेजारचं बोट अडून राहिलं. त्याचा खळगा वरच होता, आखूड.

"हे बसत नाही," आसुई नाराज होऊन म्हणाली.

"त्या पोराचं बोट तुटकं असणार," सासरा हसला. "तू आपली धड आहेस, त्यात काय रडायचं? चल, पेज वाढ मला."

"आजोबा, तुमची दाढी पेजेत बुडतेय."

"बुडू दे. तिनेही सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

सगळे हसले. यिनचूही हसली.

तिंगह्वायच्या डोक्यात एकच गोष्ट घुसली. या पेल्यावरून साचा काढायचा आणि तसेच पेले पुन्हा घडवायचे. त्यांच्या के घराण्याचं नाव आता फक्त लग्नकार्यातल्या वाडग्यांपुरतं उरलं होतं. ते पुन्हा वर काढायचं. महिनाभर तो त्या एका गोष्टीमागे होता. साचा छान उतरला. पण त्यात माती दाबायला गेलं की त्याची बोटं तळाशी पोचत नसत. काठीने दाबली तर माती तडकायची.

"आसुई दाबेल की," तो एकदा म्हणाला.

"ती नाही दाबणार," यिनचू म्हणाली. का, ते तिला सांगता आलं नसतं. पेला घरात आल्यापासून पोर वेळीअवेळी त्यात हात घालून बसे, हे तिला आवडत नव्हतं, एवढंच. एकदा तिने विचारलंही, "काय करतेस गं सारखं?"

"बसतंय का बघतेय," आसुई म्हणाली.

ओढ्याकाठची ती गोष्ट भर सकाळी घडली. ऊन पडलं होतं, बायका कपडे धूत होत्या. मुसळाखालच्या उखळातली पांढरी पूड गोळा करायला गावातली पोरं नेहमीच वाकत. मुसळ वर गेलं की हात घालायचा, खाली यायच्या आत काढायचा. आसुईने ते शेकडो वेळा केलं होतं. त्या दिवशी तिने हात काढायला जरासा उशीर केला. बायका म्हणाल्या, ती घाबरली नव्हती, घसरली नव्हती. हात आत ठेवून मुसळाकडे बघत होती, कुणाची तरी वाट बघावी तशी.

करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं. बाकी हाताला ओरखडाही नव्हता.

यिनचूने तिला पाठीवर घालून घरी आणलं. जखमेत राख भरली, बोट बांधलं, पोर तापाने फणफणली तेव्हा उशाशी बसून राहिली. त्या सगळ्या गडबडीत तिला पेला आठवला नाही. जखम भरली, चिंधी सुटली, आणि एका दुपारी ती अंगणात मोहरीचा पाला वाळत घालत असताना आतून आसुईची हाक आली.

"आई..."

ती देवघराच्या फळीपाशी उभी होती. हात पेल्यात.

"आई, आता बसलं."

यिनचूने जवळ जाऊन पाहिलं. आखूड बोट आखूड खळग्यात टेकलं होतं. मध्ये केसही शिरला नसता.

त्या दिवसापासून आसुईची बडबड कमी झाली. आजारी नव्हती, जेवत होती, खेळत होती. पण बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची, जणू दुसरं कुणी बोलतंय आणि त्याचं आधी ऐकून घेतेय.

यिनचू सासऱ्याकडे गेली. तो माती मळत बसला होता.

"मामंजी, त्या पेल्यात आणखी काय आहे?"

म्हाताऱ्याने विचारलं नाही, कशाबद्दल बोलतेस म्हणून. बोट तुटल्यापासून त्यानेही पेल्याला हात लावला नव्हता.

"बघायचंय तुला?" तो म्हणाला. "बघून करशील काय?"

"निदान कळेल तरी."

त्याने लोण्यासारख्या मऊ मातीचा गोळा केला, तेलाचं बोट फिरवलं आणि पेल्यात हळूहळू भरून दाबला. थोडा वेळ सुकू दिला. मग पेला उलटा करून हलकेच उपटला. मातीच्या त्या शिंगातून एका लहान मुलीची बोटं बाहेर आली होती. खळग्यांच्या जागी उंचवटे. आखूड बोटाचं टोक किंचित चपटं होतं, आसुईचं होतं तसंच. यिनचूला वाटलं, हे बोट आत्ता हलेल.

सासऱ्याने अंगठ्याच्या उंचवट्यावरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"इथे रेघ आहे," तो म्हणाला. "तिरपी. नखाच्या बाजूपासून पेरापर्यंत. कापल्याची असावी."

"आसुईच्या अंगठ्यावर काही नाही."

म्हाताऱ्याचं नख त्या रेघेवरच टेकलेलं होतं.

"मामंजी, तिच्या अंगठ्यावर काही नाही..."

"आणि हा हात," म्हातारा हळूच म्हणाला, "हा एवढाच आहे. हिच्या आत्ताच्या हाताएवढा. पुढच्या वर्षीच्या नाही."

संध्याकाळी तिंगह्वायला कळलं. आधी तो चिडला. बायकांची डोकी, म्हाताऱ्याची डोकी, सगळ्यांना नावं ठेवून झाली. मग त्याने ती मातीची बोटं पाहिली आणि आसुईला बोलावून तिचा हात त्याशेजारी धरला. बराच वेळ धरला. पोरीला बाहेर पाठवून त्याने कोपऱ्यातला दगड उचलला.

"फोडूनच टाकतो."

यिनचूने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "नको."

"सोड."

"अहो, तो हात तिचा असला तर..."

तिंगह्वायचा हात तसाच वर राहिला. मग त्याने दगड खाली ठेवला, जपून, आवाज होऊ न देता. त्यानंतर त्या घरात पेला फोडायची गोष्ट कुणी काढली नाही. पुरायची नाही, विकायची नाही, नदीत सोडायची नाही. जे काही करावं त्यात तो हात होता.

उरलं एकच. पोरीला मातीपासून लांब न्यायचं. तिने साच्यात कधी माती दाबलीच नाही, तर तो पेला तिचा कसा ठरेल? हे बोलून दाखवल्यावर यिनचूच्या स्वतःच्याच ध्यानात आलं, की पेला तर केव्हाचा घडलेला आहे. पण तरी ती निघाली. माणूस निघतोच.

तिचं माहेर च्वानचौच्या खाडीवर होतं. तिकडे माती नाही, भट्टी नाही. वाळू, चिखल आणि कालवं. कालव्यांच्या शिंपल्यांनीच घरांच्या भिंती बांधलेल्या, उन्हात माशाच्या खवल्यांसारख्या चमकणाऱ्या. बायका अंबाड्याभोवती फुलांची वेणी गोल माळून चिखलात उतरायच्या. यिनचूच्या आईचं वय झालं होतं, पण डोक्यावरची फुलं आणि जिभेवरची धार कमी झाली नव्हती.

यिनचूने आसुईच्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. वाटेत बांधली ती दिवसा कधी सोडलीच नाही. पोर झोपली की ती चिंधी सोडून अंगठा बघायची, पुन्हा बांधायची.

"काय गं हे?" आई म्हणाली. "अंगठा आहे की नवरी? झाकून ठेवलायस ती."

"असू दे, आई."

"कुजेल तो. पोरीला मोकळी सोड. डोंगरात राहून तुझी अक्कल गारठलीये."

यिनचूने आईला सगळं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई हसली असती, आणि ते हसणं तिला सोसलं नसतं. शिवाय आसुई इथे येऊन पुन्हा बोलायला लागली होती. खाडीवरच्या पोरांबरोबर खेकडे धरत होती, आजीच्या फुलांतलं एक फूल कानामागे खोवून हिंडत होती. एकदा तर ती इतकी मोठ्याने हसली, की यिनचू दाराआड जाऊन रडली. तिला वाटलं, सुटलो.

एका सकाळी ती विहिरीवर गेली. पाणी भरून परत यायला कितीसा वेळ लागतो? अंगणात आजी कालवं फोडत बसली होती. आसुई तिच्या शेजारी.

"ओली झाली होती चिंधी, मी काढून टाकली," आई म्हणाली. "बघ, किती पटापट शिकली. जरासं खरचटलंय, त्याचं काही नाही."

यिनचूने घागर खाली ठेवली. पोरीचा हात धरला. शिंपल्याच्या कडेने अंगठ्यावर तिरपी रेघ उमटली होती. नखाच्या बाजूपासून पेरापर्यंत. रक्त जेमतेम आलं होतं.

"दुखत नाही, आई," आसुई म्हणाली. मग आपल्या अंगठ्याकडे बघत, शहाण्या माणसासारखं म्हणाली, "आता सगळं बसेल ना?"

यिनचूने खारं पाणी लावलं, दारू लावली, चोखून रक्त काढलं. दोन गावांपलीकडचा वैद्य आणला. त्याने रेघ पाहिली आणि एवढ्याशासाठी बोलावल्याबद्दल तोंड वाकडं केलं. जखम मिटलीसुद्धा. मग एका दिवशी जेवताना आसुईला तोंड उघडता येईना. जबडा धरला. दुसऱ्या दिवशी पाठीची कमान झाली. वैद्य पुन्हा आला, आणि या खेपेला त्याने तोंड वाकडं केलं नाही. अंगणातच उभा राहिला, चपला घालून.

आजीने डोक्यावरची फुलं काढून टाकली होती. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला सांगायचंस तरी गं... मला सांगायचंस तरी..."

ओहोटी लागली होती. शिंपल्यांच्या भिंतींवर दुपारचं ऊन होतं. यिनचू लेकीचा हात हातात घेऊन बसली होती आणि तो हात गार होत गेला. बोटं किंचित वाकलेली राहिली, चार एका बाजूला, अंगठा समोर. यिनचूने ती सरळ करायचा प्रयत्न केला. झाली नाहीत. मग तिने तो हात आपल्या बाहीत लपवला. शेजारणी येत होत्या, त्यांना दिसू नये म्हणून.

तिंगह्वायने साचा फोडला आणि तुकडे ओढ्यात टाकले. पेला मात्र फळीवरच राहिला. यिनचूनेच ठेवला. लेकीचा फोटो नव्हता, त्या काळी त्यांच्यासारख्यांकडे असायचा नाही. ती गेली त्या वयाचा तिचा हात तेवढा त्या पेल्यात होता. कधी कधी घरात कुणी नसताना यिनचू आपली करंगळी आत घालायची आणि कुठल्यातरी एका खळग्याला लावून उभी राहायची. सासऱ्याने हे एकदा ऐकलं, म्हणजे पेल्याला बांगडी लागल्याचा आवाज ऐकला, आणि तो बाहेर गेला. तो त्याच हिवाळ्यात वारला.

पुढच्या वसंतात भट्टी उघडली तेव्हा आत फक्त क्वानयिन देवीच्या मूर्ती असायला हव्या होत्या. मातीच्या पेट्यांत एकेक मूर्ती ठेवून तिंगह्वायने स्वतःच्या हाताने झाकणं लिंपली होती. अगदी वरच्या खणातली पेटी फोडल्यावर मूर्तीच्या पायाशी त्याला पेला दिसला. तो अंगरख्यात गुंडाळून घरी घेऊन आला. उंबऱ्यात उभा राहिला, आत येईना.

"मी नाही केला," तो म्हणाला. "तुझी शपथ, मी नाही केला."

तीच फांदी. तेच हरीण. पांढरा रंगही तोच, साय धरलेल्या दुधाचा, जो गावात कुणालाच साधत नव्हता. यिनचूने तो उजेडाकडे वळवून आत पाहिलं. आखूड बोट होतं. अंगठ्यावर तिरपी रेघ होती. तिने फळीवरचा पेला काढून शेजारी ठेवला आणि गवताच्या काडीने दोन्हींतले खळगे मोजून पाहिले.

"काय?" तिंगह्वायने विचारलं.

"थोडी वाढलीये," ती म्हणाली.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, असं नाही. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत हललं. पुढच्या वर्षी भट्टी उघडायच्या दिवशी ती पहाटेच आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून वर गेली. सासरी गेलेली लेक येणार असावी, तशी. पेला होता. बोटं आणखी वाढली होती, लांबसडक व्हायला लागली होती. माझ्याच वळणावर गेलीये, यिनचूच्या मनात आलं.

त्या वर्षी तिला मुलगा झाला. तिंगह्वायने देहुआ सोडायची गोष्ट काढली, दक्षिणेच्या बेटांवर त्याचा चुलतभाऊ होता. यिनचू नको म्हणाली. भट्टी सोडली तर दरवर्षीचा पेलाही सुटला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मुलगा चालायला लागला त्या वसंतात भट्टीतून तिसरा पेला निघाला. यिनचू पोराला कडेवर घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभी होती. विटा अजून गरम होत्या. तिंगह्वायने पेला तिच्या हातात दिला आणि तो पुढच्या पेट्यांकडे वळला. तिने तो सूर्याकडे धरला.

आसुईची बोटं दिसली, आता चांगली मोठी. पण या वेळी खळगे वेगळे होते. दुहेरी होते. प्रत्येक मोठ्या खळग्याच्या तळाशी आणखी एक लहान खळगा होता, शेंगदाण्याएवढा. मोठा हात लहान हातावर ठेवला होता. माती कशी दाबायची, किती दाबायची, हे कुणी कुणाला हात धरून शिकवावं, तसं.

त्या लहान हाताची बोटं सगळी होती. फक्त करंगळी आत वळलेली होती, मोडून पुन्हा जुळलेल्या हाडासारखी.

यिनचूने कडेवरच्या पोराचा हात धरला. एकेक बोट उलगडून पाहिलं. करंगळी सरळ होती. ओल्या शेंगेसारखी कोवळी, सरळ. तिला हायसं वाटलं, आणि मग आठवलं, आसुईच्या अंगठ्यावरही तेव्हा काही नव्हतं.

"काय गं? काय झालं?" भट्टीच्या आतून तिंगह्वायने विचारलं.

 पोर पेल्याकडे बघत हसत होतं. तिच्याकडे नाही, पेल्याच्या आत, आपल्याला ओळखणाऱ्या माणसाकडे बघून हसतात तसं. त्याने तिच्या मुठीतून हात सोडवून घेतला आणि पुढे केला.

यिनचूने पेला डोक्याच्या वर उचलून धरला. पोराने मान वर केली, हात तसाच पुढे ठेवला. त्याला काही घाई नव्हती.